निळी डायल आणि मधलं दार

परवा नवऱ्याच्या ओळखीतले एक गृहस्थ घरी आले होते. त्यांना घड्याळं जमवायचा नाद आहे. आपण हातात बांधून भाजीला जातो तसली घड्याळं नव्हेत. ज्यांची किंमत ऐकल्यावर माणूस आधी बसायला जागा बघतो, तसली. चहा पिता पिता त्यांची नजर शोकेसमधल्या माझ्या वडिलांच्या घड्याळावर गेली आणि कप हातात तसाच राहिला. "वहिनी, हे जरा बघू?" मी दिलं. ते उठून थेट खिडकीपाशी गेले. उजेडात धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. म्हणाले, "निळी डायल, आणि कडेनं अशी जांभळी झालेली! अहो, शोधून मिळत नाही असं. कशानं झालं हे?"

मी म्हटलं, "वयानं."

खरं सांगितलं असतं तर त्यांचा चहा नाकातून बाहेर आला असता. पण मला राग त्यांच्या प्रश्नाचा आला नाही, खिडकीपाशी जाण्याचा आला. निळ्या डायलचं घड्याळ हातात पडलं की माणूस बसल्या जागी बघतच नाही, उजेड शोधत घरभर फिरतो. मी विचारलंच, "तुम्हा लोकांना निळ्याचंच एवढं काय हो?" तर खुलले. म्हणाले, पांढरी डायल वेळ सांगते, काळी रुबाब दाखवते, पण निळी दरवेळी वेगळी दिसते. पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. तीच तर गंमत.

अहो, पुन्हा पुन्हा बघावंसं वाटणं यालाच आमच्या घरी संशय म्हणायचे, हे अगदी तोंडावर आलं होतं. पाहुणे होते, म्हणून गिळलं. ते गेल्यावर घड्याळ शोकेसमधून काढून आतल्या खणात ठेवून दिलं.

आम्ही मुलुंडला राहायला आलो ते ऐंशी सालानंतर. पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला. आजोबा गिरणीत होते. लालबागच्या चाळीतल्या एकाच खोलीत माझे बाबा आणि काका वाढले, दोघांची लग्नंही तिथेच झाली, आणि मध्ये साडीचा पडदा लावून दोन्ही संसार सुरू झाले. त्यामुळे नव्या बिल्डिंगीत शेजारी शेजारी दोन ब्लॉक मिळताहेत म्हटल्यावर दोघांनी उड्याच मारल्या. ताबा मिळाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर गवंडी बोलावून मधली भिंत फोडली. सोसायटीच्या सेक्रेटरीनं कुरकुर केली, त्याला काकानं परदेशी साबणाची वडी देऊन गप्प केलं.

भिंतीला दार बसवलं. सुताराने चौकटीबरोबर आमच्या बाजूनं एक कडीही ठोकली, आणि आई म्हणाली, "ही कशाला?" काका म्हणाला, "असू दे गो वहिनी, दाराक शोभा येता. लावची नाय म्हणजे झाला." काका कायम मालवणीतच बोलायचा, निदान घरच्यांशी. बाबा त्याच्याशी बोलताना मालवणीत शिरायचे आणि आमच्याशी बोलताना बाहेर यायचे.

ते दार रात्री झोपतानासुद्धा नुसतं लोटलेलं असायचं. दोन घरांत मिळून एक पेपर, एक टीव्ही, एक पुरण वाटायचं यंत्र. काकू तिकडून तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याची वाटी घेऊन यायची, आई इकडून रिकामी वाटी कधीच परत पाठवायची नाही. बाबा सकाळी बनियन आणि लेंग्यावर तिकडे जाऊन एक जादा चहा मारून यायचे. बाबांना वाटायचं आईला कळत नाही, आणि आईला वाटायचं मला कळत नाही. अख्ख्या बिल्डिंगीला माहीत होतं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. ते भांडुपला एका रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायच्या खात्यात होते. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या तुकड्याशी आपल्या डब्यातला रंग जुळतो की नाही, हे डोळ्यांनी ठरवायचं काम. आधी उत्तरेच्या खिडकीत बघायचं, मग पिवळ्या बल्बखाली, मग ट्यूबलाइटखाली. कारण उन्हात अगदी सारखे दिसणारे दोन रंग ट्यूबखाली नेले की वेगळे पडू शकतात. "डोळ्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही, तीनदा बघायचं," असं ते म्हणायचे. हे कारखान्यात ठीक होतं हो. पण हा माणूस दूधवाल्यापासून दूरदर्शनच्या हवामानापर्यंत सगळं तीनदा बघायचा. साडी घ्यायला गेलो की साडी उचलून दुकानाबाहेर रस्त्यावर उन्हात जाऊन उभे राहायचे. दुकानातला माणूस मागोमाग धावायचा, हा साडी घेऊन पळतोय की काय म्हणून. दोघंही एकमेकांकडे डोळे बारीक करून बघत फुटपाथवर उभे. आई आणि मी आत काउंटरशी मान खाली घालून.

आणि याच माणसाला घड्याळांचा नाद. जुनी स्विस घड्याळं. रविवारी जुन्या बाजारात जायचे, तासन् तास बघायचे, बहुतेक वेळा हात हलवत परत यायचे. वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांतून तीन जमवली होती, दोन पांढऱ्या डायलची आणि एक काळ्या. त्यातल्या एकाचे काटे बदललेले आहेत, दुसऱ्याचं मशीन भलत्याच घड्याळाचं आहे आणि तिसरं फारच चांगलं आहे म्हणजे त्यातही काहीतरी असणार, असं ते स्वतःच सांगायचे. पण जीव होता तो निळ्यात. निळी डायल त्यांनी घेतली नव्हती, कारण मुंबईत तेव्हा जुन्या डायली खरवडून नव्यानं रंगवायचा धंदा जोरात चालायचा, आणि रंगवणारे सगळ्यात जास्त निळाच लावायचे. का? गिऱ्हाईक निळ्यावर भाळतं म्हणून. बाबांचं म्हणणं, "निळा सगळ्यात लबाड रंग. अख्ख्या कारखान्यात आमचं डोकं खातो तो निळा." पण हे म्हणताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता. लबाड म्हणायचे आणि हसायचे.

काका जहाजावर फिटर होता. एका सफरीवरून आला तो बॅग खाली ठेवायच्या आधी मधल्या दारातून आमच्याकडे. खिशातून दोन डब्या काढल्या. दोन घड्याळं, दोन्ही स्विस, दोन्ही निळ्या डायलची, दोन्ही अगदी सारखी. म्हणाला, "दुकानात बघितलंय आणि म्हटलंय, दादा येडो होतलो. मगे दोन घेतलंय."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी बघितलंय. दुसऱ्या क्षणी ते घड्याळ घेऊन गॅलरीत. उन्हात धरलं तर डायलवर उजेडाची एक पट्टी गोल फिरायची, मधोमध लख्ख निळं आणि कडेला गडद. घरात आणलं की तेच घड्याळ काळसर, गंभीर. ढग आला की त्यात करडी झाक. बल्बखाली किंचित हिरवट. बाबा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, लहान पोरासारखे. आई ओरडली, "अहो, किती वाजले तेवढं तरी सांगा!" ते कुणी बघितलंच नव्हतं.

काकानं त्याचं घड्याळ हातात चढवलं ते चढवलंच. इंजिनरूममध्ये, आंघोळीला, मासळी बाजारात, सगळीकडे. आणि बाबा? एवढं किमती घड्याळ हातात घालून कारखान्यात जायचं? छे! लोकलमध्ये कोण काढून घेईल, लॅबमध्ये कोण नजर लावेल. घड्याळ लोखंडी कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये गेलं, आईच्या शालूशेजारी. वर मुलुंडची हवा खारी, मिठागरं जवळ, ओल घड्याळात शिरेल, ही नवीन चिंता. म्हणून त्यांनी प्लास्टिकची एक डबी आणली, कापूस घातला, घड्याळ ठेवलं आणि घड्याळाभोवती मूठभर डांबरगोळ्या ठेवल्या.

आई म्हणाली, "अहो, गोळ्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून असतात."

"ओल शोषून घेतात त्या. तुला काय कळतंय?"

आमच्याकडे हे वाक्य आलं की विषय संपायचा. गोळ्या झिजल्या की बाबा स्वतः नव्या घालायचे. घड्याळ फक्त दसऱ्याला आणि लग्नकार्याला बाहेर निघायचं, आणि कुणी जवळ आलं की आधी वास यायचा, मग घड्याळ दिसायचं.

पुढे काका एकदा बऱ्याच मोठ्या सफरीवरून परत आला. रविवार होता. सुरमई आणलेली, दोन्ही घरं आमच्याकडे जेवायला. काका आला म्हणून बाबांनी मुद्दाम घड्याळ बाहेर काढलं. जेवायच्या आधी दोघांनी आपापली घड्याळं काढून टीव्हीवर शेजारी शेजारी ठेवली आणि पाटावर बसले. बाबांचा घास तोंडाशी गेला तो तिथेच थांबला. मला वाटलं काटा लागला. ते टीव्हीकडे बघत होते.

जेवण कसंबसं उरकलं. हात धुतले आणि दोन्ही घड्याळं उचलून हा माणूस गॅलरीत. मग खिडकीत. मग बल्बखाली. मग ट्यूबखाली. काका पान लावत म्हणाला, "दादा, कारखानो सुरू झालो काय?" सगळे हसलो. बाबा हसले नाहीत. काकाची डायल तशीच लख्ख निळी होती. बाबांची मात्र कडेनं जांभळट पडली होती, आणि काचेला धुरकट झाक आली होती. रोज हातात असलेलं, ग्रीस खाल्लेलं घड्याळ नव्यासारखं, आणि कपाटात जपलेलं असं! मी समोर होते, मला बाबांच्या चेहऱ्यावर ते सगळं पायरी पायरीनं दिसत होतं. 

काका तिकडे गेल्यावर ते आईला म्हणाले, "रंगवलेलं आहे माझं. अस्सल त्यानं स्वतःला ठेवलं."

आई म्हणाली, "भाऊजी असं करतील? काय बोलताय तुम्ही!"

"मी शेड मॅचर आहे. मला शिकवू नकोस."

घाटकोपरला स्टेशनबाहेर एक घड्याळजी होता, त्याच्याकडे मला बरोबर घेऊन गेले. त्याने भिंग लावून बघितलं. बाबांनी विचारलं, "डायल रंगवलेली असू शकते?" तो म्हणाला, "असू शकते साहेब." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कोर्टाचा निकाल लागला. मी म्हटलं, "बाबा, नसू शकते का तेही विचारा ना." विचारलं नाही. मीच विचारलं, तर तो म्हणाला, "नसूही शकते." पण तोवर बाबा दुकानाच्या दोन पायऱ्या उतरून खाली पोचले होते. हवं ते ऐकून झालं होतं.

मग सुरू झालं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. सरळ विचारायचं नाही. काका चहाला आला की, "कुठल्या बंदराला घेतलंस रे ते?" "दुकान मोठं होतं की फुटपाथवरचं?" "दोन्ही एकाच दुकानातली ना?" काका आधी सरळ उत्तरं देत होता. मग एक दिवस त्याने कप खाली ठेवला आणि बाबांकडे नुसतं बघत राहिला. त्याला कळलं. लालबागच्या खोलीत एका गोधडीत झोपलेले भाऊ ते, कळणार नाही?

त्याने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि बाबांसमोर ठेवलं. "तुका व्हया तर ह्या घे. तुजा माका दी."

मला वाटलं, आता बाबा लाजतील. 'अरे वेड्या' म्हणतील, पाठीत धपका घालतील, आई पुन्हा चहा टाकेल. डोंबल! बाबा उठले, कपाट उघडलं, डबी काढली, आपलं जांभळट घड्याळ काकाच्या हातावर ठेवलं आणि त्याचं निळं आत ठेवलं. डबीत, कापसावर, गोळ्यांमध्ये. काकानं ते जांभळट घड्याळ तिथेच मनगटाला बांधलं आणि मधल्या दारातून निघून गेला. दार नेहमीसारखं नुसतं लोटलं.

एवढ्यावर तरी थांबावं की नाही? काकाने घड्याळ काढून दिलं याचाच बाबांना नवा संशय. "खरा माणूस असता तर भांडला असता. हा मुकाट्यानं देऊन मोकळा झाला. याचा अर्थ काय?" मी म्हटलं, "याचा अर्थ त्याला तुम्ही घड्याळापेक्षा मोठे वाटता." त्यावर त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत होते आणि कडीचा आवाज आला. नव्या कडीचा, कधीच न लावलेल्या, त्यामुळे ती नीट सरकेना. बाबांनी दोनदा जोर केला, तेव्हा लागली. पलीकडे काकूच्या भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पुढच्या दाराची बेल वाजली. उघडलं तर काकू, हातात झाकलेली वाटी. बिल्डिंगीच्या पॅसेजमधून चालत आली होती, पदर नीट घेऊन. "तिसरे केले होते," म्हणाली. आईला तोंड वर करता येईना. आईनं वाटीत लाडू घालून परत दिले. काकू ते घेऊन पुन्हा पॅसेजमधून गेली. वाट्या नंतर कमी कमी होत गेल्या. पेपर दोन यायला लागले.

काही महिन्यांनी पलीकडून फरशीवर काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. बाबा पेपरातून डोकं काढून म्हणाले, "काय लपवतायत आता?"

मी म्हटलं, "तुमच्यापासून? सगळंच लपवायला हवं."

त्यानंतर माझं लग्न ठरलं. साखरपुडा घरीच करायचा असं आईच्या मनात होतं. ती म्हणाली, "मधलं दार उघडलं की दोन्ही घरं मिळून माणसं मावतील." बाबा म्हणाले, हॉल घेऊ. आईनं विनवलं, मी रुसले, अबोला धरला, पण बाबा हॉलचं बुकिंग करून आले. मला लग्नाचा आनंदच होईना. काकाच्या खांद्यावर बसून मी लालबागचे गणपती बघितलेत हो. त्याच्या घराला वळसा घालून माझा साखरपुडा हॉलमध्ये?

साखरपुड्याच्या आदल्या रविवारी सकाळी बाबांनी घालण्यासाठी घड्याळ काढायला लॉकर उघडला. बऱ्याच दिवसांनी. डबी उघडली आणि हाक मारली, "इकडे ये गं दोघी!"

काकाचं लख्ख निळं घड्याळ. आता कडेनं जांभळट, काच धुरकट. हुबेहूब पहिल्यासारखं.

मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. तर बाबांच्या चेहऱ्यावर काय, आनंद! "बघितलंत? म्हणत होतो की नाही! दोन्ही रंगवलेली! दोन्ही बनावट आणली त्यानं!"

माझा संताप संताप झाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई डबीत नाक घालून म्हणाली, "शी! काय वास भरलाय. आणि ही डबी बघा, चिकट झाली. माझ्या त्या प्लास्टिकच्या बांगड्यापण अशाच झाल्या इथे ठेवलेल्या. कागदाला चिकटून बसल्या, टाकून दिल्या मी." तिनं डबीच्या तळावर बोट टेकवलं, तर गोळी जिथे बसली होती तिथे प्लास्टिक मऊ पडून खळगा झाला होता.

मी म्हटलं, "बाबा, तुमच्या लॅबमध्ये रंगाच्या नमुन्यांशेजारी डांबरगोळ्या ठेवता का हो?"

बाबा हसत होते, ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. त्यांनी घड्याळ उचलून नाकाशी नेलं. मग डबी. मग खळग्यात बोट घातलं. रंगावर, लाखेवर, प्लास्टिकवर कशाच्या वाफेनं काय होतं यावर जन्म गेलेला माणूस! कारखान्यात कुणी असलं काही केलं असतं तर यांनी त्याची सालटी काढली असती. आणि घरी स्वतःच्या हातानं, मूठ मूठ, झिजल्या की नव्या. पलंगावर बसले.  मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पहिलं खरं होतं. दुसरंही."

आई म्हणाली, "भाऊजी खरे होते."

बाबा उठले. बनियन आणि लेंग्यावरच, पूर्वी चहाला जायचे तसे, मधल्या दारापाशी गेले. कडी गंजली होती, खारी हवा. दोन्ही हातांनी हिसका मारून काढली. मला रडू फुटलं, आनंदानं. आईनं देवाला हात जोडले. बाबांनी दार ओढून उघडलं.

समोर कपाट होतं. लोखंडी कपाटाची पाठ, चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तो ओढल्याचा आवाज ह्याचा होता. बाबा बघत राहिले. मग त्यांनी कपाटाच्या पाठीवर बोटांनी ठोकलं. ढण् ढण् वाजलं.

पलीकडून काकूचा आवाज आला, "कोण ता?"

"मी गो."

 मग काकू म्हणाली, "दादा? फुडच्या दारान येवा."

बाबा मागे फिरले. आईनं खुंटीवरचा शर्ट काढून दिला. त्यांनी तो घातला, वरचं बटणसुद्धा लावलं, चपला घातल्या, घड्याळ मुठीत घेतलं. मी बरोबर गेले. शेजारच्या घरी जायला आम्ही पॅसेजमधून चाललो आणि बाबांनी बेल दाबली. इतक्या वर्षांत त्या घराची बेल त्यांनी पहिल्यांदाच दाबली असेल.

काकानं दार उघडलं. आत बसवलं. काकूनं ट्रेमधून पाण्याचे ग्लास आणले. ट्रे! आमच्यासाठी! काकाच्या मनगटावर ते पहिलं, जांभळट घड्याळ होतं. बाबांनी मूठ उघडून दुसरं त्याच्या शेजारी धरलं. उन्हात न्यायची, ट्यूबखाली न्यायची काही गरज नव्हती. दोन्ही अगदी जुळत होती.

"डांबरगोळ्यांनी झालं रे," बाबा म्हणाले. "माझ्याच. घड्याळ खरं होतं. तू..."  माझ्या बाबांना मी तसं कधी बघितलं नव्हतं.  "चुकलो मी. दार उघडलंय मी आमच्या बाजूनं. ते कपाट तेवढं सरकव. साखरपुडा घरीच करू."

काकानं दोन्ही घड्याळांकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं, आमच्याकडे राग लवकर उतरतो. मग तो बोलला, आणि मालवणीत नाही, बँकेत साहेबाशी बोलावं तसं बोलला.

"कपाट भरलेलं आहे, दादा. आता नाही सरकायचं."

माझा साखरपुडा हॉलमध्ये झाला. काका आणि काकू वेळेवर आले, मला ओवाळलं, पंगतीला बसले आणि जेवून गेले. आमच्या बाजूची कडी त्यानंतर बाबांनी कधीच लावली नाही.